डोक्यात सारं, वहीत काहीच नाही: अक्षरांत अडणाऱ्या हुशार लेकरासाठी शाळेत काय करायचं

आठवडी बाजारात बापाच्या आधी हिशोब सांगणारं, फवारणीचा पंप खोलून वॉशर कुठं गेला ते दाखवणारं, एकदा ऐकलेली गोष्ट महिन्यानंतर संवादांसकट सांगणारं चौथीतलं लेकरू वर्गात उभं राहून ‘भरत’ला ‘मरत’ वाचतं आणि सगळा वर्ग हसतो. विदर्भातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत असं एखादं पोट्टं किंवा पोट्टी सापडतेच. “याले सारं समजते सर, पन लिवाले बसला का डोकं बंदच पडते,” असं त्याची आई सांगते. शाळेत म्हणतात, “तोंडानं हुशार आहे, पण आळशी आहे.” आईनं अर्धं लेकरू पाहिलेलं असतं आणि शाळेनं उरलेलं अर्धं.

बुद्धी वयाच्या पुढे आणि वाचन, लेखन किंवा गणित मात्र वयाच्या बरंच मागे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. तज्ज्ञ अशा मुलांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. आपल्याकडच्या कायद्यात आणि शाळेच्या कागदात त्यातल्या अडचणीच्या भागाला ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असं नाव आहे. वाचनात अडणं म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्यात अडणं म्हणजे डिसग्राफिया आणि आकड्यांत अडणं म्हणजे डिस्कॅल्क्युलिया. त्यातल्या हुशारीच्या भागासाठी मात्र शाळेच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही, आणि खरा घात तिथंच होतो.

हा लेख आईवडील आणि शिक्षक दोघांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: वाचन सुधारेपर्यंत या लेकराची बुद्धी थांबवून ठेवू नका. “आधी नीट वाचायला शीक, मग विज्ञानाचा प्रयोग,” ही अट त्याला शाळेतून उठवते. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा, आणि बुद्धीचं काम आधी.

ही मुलं दिसत का नाहीत

काही मुलांची हुशारी अडचणीला झाकते. ती धडा ऐकून पाठ करतात, चित्र पाहून अंदाजानं ‘वाचतात’ आणि तिसरीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. पुढे धडे लांब होतात, परिसर अभ्यासात परिच्छेद येतात आणि गुण धाडकन घसरतात. काहींची अडचण हुशारीला झाकते. पहिलीपासूनच ती ‘अप्रगत’ यादीत असतात आणि तिथून त्यांच्याकडे दुसऱ्या नजरेनं कुणी पाहत नाही. तिसरा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड. बुद्धी आणि अडचण एकमेकींना ओढत राहतात, मूल मधोमध सरासरी गुण घेत राहतं आणि कुणालाच काळजी वाटत नाही. संध्याकाळी ते इतकं थकून का येतं, एवढं मात्र घरी कळत नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी सहज लपतं. गप्प बसणारी, सुंदर अक्षरात फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेणारी मुलगी कुणाच्या नजरेत येत नाही. तिला तेच पान वाचायला सांगा, मग कळेल.

पहिलं काम: पंधरा दिवसांची दोन रकान्यांची नोंद

साधी शंभर पानी वही घ्या आणि मध्ये रेघ मारा. डावीकडे ‘काय जमतं’ आणि उजवीकडे ‘कुठं अडतं’. शिक्षकानं शाळेत आणि आईनं किंवा मोठ्या भावंडानं घरी रोज दोन ओळी लिहायच्या. आईला लिहिता येत नसेल तर तिनं संध्याकाळी मोबाईलवर बोलून ठेवावं. ‘हुशार आहे’, ‘लक्ष देत नाही’ असले शेरे नकोत, घडलेलं लिहा. डावीकडे: ‘मोटार सुरू होत नव्हती, स्टार्टरमधला फेज गेल्याचं यानं सांगितलं.’ ‘सोळा किलो कापसाचे वेचणीचे पैसे तोंडी सांगितले.’ उजवीकडे: ‘फळ्यावरच्या पाच ओळी उतरवायला अर्धा तास, दोन ओळी गाळल्या.’ ‘४५ सांगितलं, ५४ लिहिलं.’

या पंधरा दिवसांत तीन छोट्या कसोट्या घ्या. त्यांना कसलंही साहित्य लागत नाही.

पहिली कसोटी वाचून समजणं आणि ऐकून समजणं यांची. पाठ्यपुस्तकातले, त्यानं न वाचलेले दोन सारख्याच अवघडपणाचे उतारे निवडा. एक त्याला स्वतः वाचू द्या आणि पाच प्रश्न विचारा. दुसरा तुम्ही वाचून दाखवा आणि पाच प्रश्न विचारा. स्वतः वाचलेल्यावर एकच उत्तर आणि ऐकलेल्यावर पाचही उत्तरं आली, तर समज शाबूत आहे आणि अडतंय ते अक्षरांपाशी, हे स्पष्ट झालं. वरच्या वर्गाचा उतारा वाचून दाखवूनही बघा. चौथीतलं लेकरू सहावीच्या विज्ञानाचा धडा ऐकून उलट प्रश्न विचारू लागलं, तर ती नोंद डाव्या रकान्यात ठळक करा.

दुसरी कसोटी सांगण्याची आणि लिहिण्याची. ‘आमचं वावर’ या विषयावर त्याला पाच मिनिटं बोलू द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर लिहायला द्या. दोन्ही शेजारी ठेवलं की केंद्रप्रमुखांनाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी गणिताची. तीच पाच शाब्दिक उदाहरणं एकदा वाचायला लावून लेखी आणि काही दिवसांनी आकडे बदलून तोंडी. तोंडी सगळी बरोबर आणि लेखी चुकीची असतील, तर गणित कच्चं नाही, वाचन किंवा आकड्यांची मांडणी कच्ची आहे. दोन्हीकडे चुकत असेल, वीस आणि तीस यातलं मोठं कोणतं यावरही अडत असेल, तर अडचण संख्यांच्या समजेतच आहे.

देवनागरीत मुलं कुठं अडतात ते माहीत असलं की उजवा रकाना नीट भरता येतो. भ-म, घ-ध, थ-य, प-ष या जोड्या उलटसुलट होतात. ‘ख’ वाचताना ‘रव’ होतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर, म्हणून ‘किती’सारख्या साध्या शब्दात हात घुटमळतो. ‘सूर्य’मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर बसतो. जोडाक्षर आलं की मूल पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजानं म्हणतं. आकड्यांत ३ आणि ६ एकमेकांच्या आरशात दिसतात. शिवाय मराठीत ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना चार आधी. पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुलं करतात. तिसरी संपत आली, रोज शाळेत येतंय, शिकवलंही जातंय, तरी त्याच चुका कायम आहेत, तेव्हा गंभीरपणे घ्या.

शिक्का मारण्याआधी हे तपासा

डोळे आणि कान सर्वांत आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते येण्याच्या दिवशी हे लेकरू गैरहजर राहणार नाही एवढं बघा आणि पथकातल्या डॉक्टरांना तुमची वही दाखवा. अध्ययनातली अडचण ही त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहे. संदर्भपत्र मिळालं की जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढची तपासणी होते.

मग रक्त. अंगात रक्त कमी असलं की मूल वर्गात पेंगतं. पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे विचाराच. सिकलसेलच्या दुखण्यानं शाळा बुडते, आणि काही मुलांत मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होऊन शिकण्यात अडथळा येतो. तो वेगळ्या उपचाराचा विषय आहे आणि त्यात उशीर चालत नाही.

तिसरी तपासणी भाषेची, आणि ती आपल्याकडे सर्वांत जास्त चुकते. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया बोलणारं, यवतमाळच्या पोडावरचं (कोलामांच्या वस्तीवरचं) कोलामी बोलणारं, तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल पुस्तकी मराठीत अडखळलं, तर तो आजार नाही. ते दुसरी भाषा शिकतंय. त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडून गोष्ट सांगायला लावा, सूचना द्या, यमक जुळवायला सांगा. स्वतःच्या भाषेत ते तरबेज असेल आणि मराठीचा सराव वाढला तसं वाचन सुधारत असेल, तर अध्ययन अक्षमतेचं नाव घेऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा: अशा मुलाला खरी अडचण असू शकते आणि “त्याची भाषाच वेगळी आहे” म्हणून ती वर्षानुवर्षं दुर्लक्षिली जाते.

वेचणीच्या हंगामात किंवा आईवडिलांसोबत कामाला बाहेरगावी गेल्यानं महिनोन्‌महिने शाळा बुडाली असेल, तर आधी बुडालेलं भरून काढा आणि मग बघा.

घरी आणि शाळेत बोलणं कसं काढायचं

पालकसभेत सगळ्यांसमोर हा विषय काढू नका. शिक्षकांनी शाळा सुटल्यावर किंवा घरी जाऊन बोलावं आणि सुरुवात डाव्या रकान्यानं करावी. “ताई, तुमच्या पोराचं डोकं माझ्या वर्गात सर्वांत जास्त चालतं. पण अक्षर ओळखायला त्याला दुसऱ्यापेक्षा चौपट जोर लागतो. आपण दोघं मिळून तो जोर कमी करू.” आई बहुतेक हेच विचारते, “मंग त्याले डॉक्टरले दाखवा लागन का?” खरं सांगा: यावर गोळी नाही, लेकरू वेडं नाही, तपासणी करायची ती शाळेत सवलत मिळावी म्हणून आणि शिकवायची पद्धत कळावी म्हणून. बुवाबाजीकडे, ताईत-गंड्याकडे जाऊ नका हेही स्पष्ट सांगा.

आईवडील पुढाकार घेत असतील तर “सर, तुम्ही नीट शिकवत नाही” असं न म्हणता वही आणि रेकॉर्डिंग पुढे ठेवा. “सर, हे त्यानं सांगितलेलं ऐका आणि हे त्यानं लिहिलेलं बघा. एवढा फरक काऊन पडते?” दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना उपदेश नको असतो, पण असा पुरावा कुणी आणून दिला की बहुतेक जण मनापासून मदत करतात. शाळा मनावर घेतच नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत लेखी विषय द्या आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना शाळेत बोलावण्याची मागणी करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात अशी माणसं याच कामासाठी नेमलेली असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा मुलांची लवकरात लवकर ओळख पटवणं आणि त्यांना योग्य पद्धतीनं शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे. पत्रात या कायद्याचा उल्लेख करा.

वर्गात उद्यापासून: बुद्धीला मोकळी वाट

पुढच्या गोष्टींसाठी प्रमाणपत्र लागत नाही, परवानगीही नाही.

अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं आजच थांबवा. या एका गोष्टीनं जेवढी मुलं शाळेपासून तुटतात तेवढी दुसऱ्या कशानं तुटत नाहीत. त्यानं वर्गात वाचावं असं वाटत असेल, तर चार ओळी आदल्या दिवशी ठरवून द्या. घरी त्या चारच ओळींची तयारी होईल आणि दुसऱ्या दिवशी तो मान वर करून वाचेल.

उत्तर तोंडी घ्या आणि त्याचे गुण द्या. यात नियमाबाहेर काही नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (वर्षभर वर्गातच होणाऱ्या) मूल्यमापनाची साधनंच तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प, निरीक्षण अशी आहेत. आपण सवयीनं सगळं लेखी करून टाकलं. परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास या विषयांत त्याला काय कळलं ते तपासायचं आहे, वेलांट्या नाही. वेलांट्या भाषेच्या तासाला वेगळ्या तपासा. निबंधाला आशयाचे आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे लिहा, म्हणजे ‘विचार ९, लेखन ३’ असं त्यालाही दिसेल आणि पालकांनाही.

गणितात संख्या कमी करा, अवघडपणा कमी करू नका. वीस सोपी उदाहरणं देऊन त्याला रडवण्यापेक्षा शेवटची चार अवघड उदाहरणं द्या. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. पाढा विसरणाऱ्या मुलाला शाब्दिक कोडं सोडवायची अक्कल असू शकते आणि तक्ता त्या अकलेला वाट देतो. चौकटींची वही दिली की हातच्याचे आकडे घसरत नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात तुमचं मत काहीही असो, या मुलांसाठी ती वापरा. ‘चाळीस पाच’ म्हणत ४५ लिहायचं आणि ते पक्कं झालं की ‘पंचेचाळीस’. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोबत ठेवले की बोललेलं आणि दिसलेलं जुळतं.

फळ्यावरचं उतरवून घेण्याची सक्ती नको. शेजारच्या मुलाची वही, शिक्षकांनी काढलेला फळ्याचा फोटो किंवा छापील मुद्दे चालतील. मोबाईल मिळत असेल तर बोलून मराठी टाइप करण्याची सोय बहुतेक अँड्रॉइड फोनच्या कीबोर्डवर आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवरचं ऐकण्या-पाहण्याचं साहित्य उघडतं, आणि ‘रीड अलाँग’ अ‍ॅप मुलाचं मराठी वाचन ऐकून चुकलेला शब्द म्हणून दाखवतं. रेंज नसलेल्या गावात हे सगळं तालुक्याला गेल्यावर उतरवून आणा. फोन नसेल तर मोठ्या बहिणीनं धडा वाचून दाखवला तरी तेच काम होतं.

रोज वीस मिनिटं वाचनाची

वाचन आपोआप सुधारत नाही. “मोठा झाला की येईल” यावर विसंबू नका. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाकडून. सकाळी परिपाठाआधीची वेळ चांगली, दिवसभराच्या थकव्यानंतरची नको.

सुरुवात आवाजापासून. ‘कमळ’मधून क काढला तर काय उरलं? ‘पाणी’मधला पा बदलून रा केला तर? हे तोंडीच, खेळासारखं. मग एका वेळी एकच मात्रा, आठवडाभर तीच. अक्षर मोठं काढायचं, मातीत बोटानं गिरवायचं आणि गिरवताना तोंडानं म्हणायचं. डोळा, हात, कान, जीभ एकाच वेळी कामाला लागली की पकड पक्की बसते. गोंधळाची जोडी एकदम शिकवू नका. भ पूर्ण पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी म. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरली की नजर पुढच्या ओळीवर उडत नाही. एकच छोटा उतारा चार दिवस वाचायचा. पहिल्या दिवशी अडखळत वाचलेलं चौथ्या दिवशी सपाट होतं आणि त्याला स्वतःची प्रगती ऐकू येते. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावल्यानं चूकच दहा वेळा गिरवली जाते.

हुशार मुलाला शिकवताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक म्हणजे नियम सांगा, आणि त्याहून चांगलं म्हणजे शोधायला लावा. ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘मार्ग’ हे शब्द हळू म्हणायला सांगून र कुठं ऐकू येतो आणि कुठं लिहिलाय हे त्यालाच पकडू द्या. ‘चक्र’ आणि ‘अर्क’ शेजारी ठेवा. लिपी ही कुणीतरी बनवलेली सांकेतिक रचना आहे हे कळलं की अशा डोक्याला त्यात रस येतो. पाठांतरात हरणारं हेच मूल नियम शोधण्यात वर्गाच्या पुढे जातं.

दुसरं, मजकूर त्याच्या वयाचा द्या. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीची बडबडगीतं देणं हा अपमान आहे आणि तो त्याला बरोबर कळतो. शब्द सोपे आणि विषय दमदार, असा मजकूर शिक्षकांनीच पाच-सहा वाक्यांत लिहावा. लोणारचं सरोवर उल्का आदळून कसं झालं, ताडोबातला वाघ आपली हद्द कशी राखतो, गुलाबी बोंडअळी बोंडात कशी शिरते. ‘बेसाल्ट’ हा शब्द अवघड आहे म्हणून गाळू नका. फळ्यावर फोड करून द्या, हे मूल तो लक्षात ठेवतं.

चित्रकलेचा तास कापू नका

वाचनाच्या जादा तासासाठी मुलाला चित्रकला, खेळ किंवा प्रयोगाच्या तासातून उठवलं जातं. दिवसभरात तो जिंकतो असा एकच तास आपण काढून घेतो. जादा तास दुसरीकडून काढा.

त्याला कामं खरी द्या. शाळेची पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते मोजून काढणं, परसबागेचा आराखडा, पर्जन्यमापक बनवून पावसाची नोंद, लहान मुलांना तोंडी गणिताची कोडी घालणं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हातानं काम करत शिकण्याची होती, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून विषय शिकवले जातात. शक्य असेल तर शिक्षकांनी ती शाळा एकदा बघून यावी. नागपूरला सहल न्यायची असेल तर रमण विज्ञान केंद्रात पूर्ण दिवस ठेवा, घाईघाईनं दोन तासांत उरकू नका.

स्पर्धा निवडताना लिहिण्याचा भार कमी असलेल्या निवडा. ‘इन्स्पायर मानक’मध्ये शाळा मुलांच्या नवकल्पना पाठवते आणि निवड झाली तर नमुना बनवायला दहा हजार रुपये मिळतात. कल्पना मुलाची आणि लिहून देणारा शिक्षक, एवढी मदत इथे नक्की करा. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, आकृत्यांचे असतात आणि निम्मे गुण त्यांनाच आहेत. आकृती डोक्यात फिरवणारी मुलं इथे चमकतात. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर या परीक्षेत ४० मिनिटं जादा मिळतात. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, आणि सेलूकाटे, घोट, तळोधी बाळापूर अशी विद्यालयं आपल्याच भागात आहेत. निवासी शाळेत पाठवायचं का, हा निर्णय मात्र मुलाशी बोलून घ्या. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, निवड झाल्यास वर्षाला बारा हजार रुपये बारावीपर्यंत. तिच्यातही बौद्धिक क्षमतेचा पेपर वेगळा असतो.

प्रमाणपत्राची वाट

साधारण आठ वर्षांच्या आधी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र देत नाहीत, कारण लहानपणीच्या चुका आणि खरी अक्षमता तोवर नीट वेगळी करता येत नाही. मदत मात्र त्याआधीच सुरू करायची असते.

अर्ज युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करायचा. त्याला शुल्क नाही, सेतू केंद्रवाल्याला फक्त त्याच्या कामाचे पैसे द्यायचे. मग जिल्हा रुग्णालयात बोलावतात. बालरोगतज्ज्ञ डोळे, कान आणि मेंदूशी संबंधित तपासणी करतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात आणि नंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. जिल्ह्याला मानसशास्त्रज्ञ नसेल तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे चौकशी करा. जायच्या आधी कोणत्या वारी चाचणी होते हे फोनवर विचारून घ्या. रोजी बुडवून गाडीभाडं खर्चून गेलेल्या माणसाला “मंगळवारी या” असं ऐकावं लागू नये. एकाच फेरीत आधार, फोटो, रहिवासी पुरावा, शाळेचं पत्र, दोन वर्षांची गुणपत्रकं, जुन्या वह्या, चष्म्याचा कागद आणि तुमची दोन रकान्यांची वही सोबत न्या. लेकरू उपाशी किंवा रात्रभर जागलेलं नेऊ नका.

हुशार मुलाच्या बाबतीत इथे एक धोका असतो. ते डोकं चालवून चाचणीतही अंदाजानं बरंच वाचून काढतं आणि “सगळं ठीक आहे” असा निकाल येतो. म्हणून तज्ज्ञांना सांगा की तो किती वेळ लावतो आणि किती थकतो तेही बघा. अहवालात एकूण आकड्याबरोबर प्रत्येक भागाचे वेगळे गुण मागा. शब्दांची समज खूप वर आणि लिहिण्याचा वेग खूप खाली असेल, तर सरासरी आकडा दोन्ही लपवतो. मूल घरी कोणती भाषा बोलतं तेही सांगा. प्रमाणपत्र मिळालं नाही तरी वर्गातल्या सवलती बंद करायच्या नाहीत.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्याला पुनर्परीक्षा मिळते आणि त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवतात. त्यामुळे चौथी आणि सातवीतच कागदपत्रं हलवा. दहावीला अध्ययन अक्षमता असलेल्यांना तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, आणि अडचणीच्या प्रकारानुसार आणखी सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, पूर्व विदर्भाचा नागपूरला आणि पश्चिम विदर्भाचा अमरावतीला. नववीतच मुख्याध्यापकांकडून त्या वर्षीचं परिपत्रक मागून घ्या. लेखनिक खालच्या वर्गातला असतो. त्याला उत्तर सांगणं हे वेगळं कसब आहे, म्हणून आठवीपासून घटक चाचण्या लेखनिकासोबत द्यायला लावा. स्वल्पविराम कुठे, नवीन परिच्छेद कुठे, आकृतीत कोणतं नाव कुठे, हे बोलून सांगायची सवय परीक्षेच्या दिवशी लागत नाही.

लेकराला काय सांगायचं

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण दुसऱ्यांपेक्षा मागे आहोत हे कळलेलंच असतं. आपण गप्प राहिलो तर ते स्वतःच स्वतःला ‘ढ’ ठरवतं. सोमवारी पोटात दुखणं, वर्गात माकडचेष्टा, वही हरवल्याचं सांगणं हे बहुतेक त्या लाजेपोटीच असतं. हुशार मुलाला ही लाज जास्त टोचते, कारण काय लिहायला हवं होतं ते त्याला माहीत असतं आणि हातून तसं उतरत नाही.

साफ सांगा: “तुझं डोकं गोष्टी लवकर पकडतं. अक्षरं पकडायला तुला जास्त वेळ लागतो. तुझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. आपण रोज वीस मिनिटं अक्षरांचं काम करायचं आणि उरलेला दिवस तुझं डोकं वापरायचं.” भावंडाशी तुलना नको. घरचा अभ्यास अर्ध्या तासावर थांबवा, मग तो पुरा झालेला असो वा नसो, आणि वहीत “अर्धा तास केला” अशी सही करा. शिक्षकांनी ती सही मान्य करावी. आणि तो पंप दुरुस्त करतो तेव्हा शेजाऱ्यासमोर बापानं एकदा तरी म्हणावं, “हे याच्याच हातचं काम आहे.”

शाळा बदलताना

चौथी किंवा सातवीनंतर गावची शाळा सुटते, मूल तालुक्याच्या हायस्कुलात किंवा आश्रमशाळेत जातं आणि इतकी वर्षं जमवलेलं सगळं तिथं कुणालाच माहीत नसतं. दाखल्यासोबत एक पातळ फाइल द्या. वर एका पानात: काय उत्तम जमतं, कुठं अडतं, कोणत्या सवलतीनं फरक पडला, कशानं बिघडतं. मागे तपासणीचा अहवाल, प्रमाणपत्राची झेरॉक्स, चांगल्या कामाचे दोन नमुने. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आईवडिलांनी जाऊन नव्या वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटावं, जमल्यास जुन्या गुरुजींनी फोन करावा. वसतिगृहात राहणार असेल तर अधीक्षकांनाही तेच पान द्या, कारण रात्रीचा अभ्यास तिथं त्यांच्यासमोर होतो. प्रमाणपत्र आठव्या वर्षाच्या आसपास घेतलं असेल तर पुढे फेरतपासणी लागते. ती तारीख फाइलच्या वरच लिहून ठेवा, म्हणजे नववीत दहावीच्या अर्जाच्या वेळी कागद जुना निघत नाही.